पाठ फिरवून बघितलेला खेळाडू

माझ्या सासूबाईंना आवडता खेळाडू कोण असं विचारलंत, तर त्या टिल वायगेलचं नाव सांगतील. तुम्ही ऐकलं नसणार. त्याच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीतल्या निम्म्या लोकांनीही ऐकलेलं नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यार्थ्यांची अमेरिकन फुटबॉलची एक टीम आहे, रेग्निट्झ हेरन्स. आमचे सासरे त्यांना ‘बगळे’ म्हणतात. टिल त्या टीमचा किकर. म्हणजे बाकीचे हेल्मेटवाले धटिंगण एकमेकांच्या अंगावर आदळून आदळून थकले आणि पुढे सरकणं जमेना झालं, की हा बाहेरून आत येतो, जमिनीवर टेकवलेला बॉल एका लाथेत दोन उंच पिवळ्या खांबांच्या मधून घालवतो, तीन पॉइंट मिळवून देतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. अख्ख्या मॅचमध्ये त्याचं काम मिनिटभराचं.

त्या मिनिटभरासाठी शुभदा पाटणकर, वय वर्षं अडुसष्ट, मूळ गाव सातारा, पाच वर्षं एकही होम मॅच चुकवत नाहीत. ऊन असो, पाऊस असो, निळा कोट घालायचा, सायकल काढायची, पिशवीत थर्मास आणि दह्याच्या रिकाम्या बादलीत भरलेला चिवडा. निघाल्या.

मी सून. केया. पुण्याहून लग्न करून आले त्याला सहा वर्षं झाली. आम्ही न्युरेम्बर्गला राहतो, ते दोघं एर्लांगेनला. माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकते. मला कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. माझी आई याला भोचकपणा म्हणायची. म्हणू दे. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, या टिल प्रकरणाचं मला पहिल्यापासून भारी कुतूहल होतं, आणि नवऱ्याला, सिद्धांतला, काही विचारलं की तो म्हणायचा, “आल्झो, हे बघ, आईचं ते तसंच आहे. सोड ना.” जन्मापासून जर्मनीत वाढलेल्या माणसाला भोचकपणा येत नाही, हा माझा अनुभव आहे.

ओळख कशी झाली ते मात्र आई रंगवून सांगतात. त्या तेव्हा युनिव्हर्सिटीच्या प्र्यूफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षा विभागात होत्या. तीस वर्षं तिथे काढली. काउंटरवर फ्राउ पाटणकर बसल्यात असं दिसलं की मुलं दुसऱ्या दिवशी यायची म्हणे. एकदा हा उंच, काटकुळा मुलगा आला आणि म्हणाला, शनिवारी मॅच आहे, परीक्षा पुढे ढकलून मिळेल का?

“मी म्हटलं, नाही. बॉलला लाथ मारायला जाणाऱ्यांसाठी नियमांत कलम नाही,” आई सांगतात. “बाकीची पोरं हुज्जत घालतात गं, रडतात. हा म्हणाला, बरं. मग म्हणाला, तुम्हाला वेळ असला तर कधीतरी येऊन बघा, मी कशासाठी मागत होतो ते.”

आणि आई गेल्या. पोरगा खरं बोलतोय की थापा मारतोय एवढंच तपासायला. गेल्या त्या गेल्याच.

पुढचं सगळं मला पाठ झालं होतं. टिल बॉलपासून तीन पावलं मागे जातो. दोन पावलं डावीकडे. उजव्या बुटाचं टोक डाव्या मोज्यावर पुसतो. एकदा लोकांकडे बघतो, मग मान खाली घालतो. आई हे उभं राहून, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता करून दाखवायच्या. हातात लाटणं.

“मग?” मी विचारायचे.

“मग काय? गेला आत.”

कितीदा ऐकलं, तरी ‘मग’च्या पुढे त्या कधी गेल्या नाहीत. मला ते खटकायला हवं होतं. नाही खटकलं. इतकी हुशारी मिरवते मी, आणि इथे पार झोपले होते.

या वर्षी एप्रिलमध्ये आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे सायकल बंद केली. बाबा, म्हणजे माझे सासरे गुरुदत्त पाटणकर, या खेळाला येणं शक्यच नव्हतं. “पाच सेकंद खेळायचं आणि पाच मिनिटं मीटिंग घ्यायची, याला खेळ म्हणतात? चाळीस वर्षं ऑफिसात हेच केलं मी.” बाबा क्रिकेटचे. तेव्हा शनिवारी आईंना गाडीने न्यायचं काम मी अंगावर घेतलं. मला तर हवंच होतं.

मैदान छोटं. एका बाजूला लाकडी पायऱ्या, दोनशे-तीनशे माणसं, कोपऱ्यात भाजलेल्या सॉसेजचा धूर. आई तिसऱ्या पायरीवर ठरलेल्या जागी. सगळे ओळखतात, “हालो, फ्राउ पाटणकर”, चिवड्याच्या बादलीत हात. खेळ सुरू झाला आणि आई मला एकेक समजावायला लागल्या, तेही काय तयारीने! समोरच्या टीमचा किकर आला तेव्हा तर त्या पुढे वाकून, डोळे वटारून त्याच्याकडे अशा बघायला लागल्या की मला त्या बिचाऱ्याची दया आली. त्याचा बॉल बाहेर गेला. आई समाधानाने मागे टेकल्या.

मग टिल आला. तीन पावलं मागे. दोन डावीकडे. बूट मोज्यावर. मी आईंना म्हणणार होते की अगदी तुम्ही दाखवता तसंच करतो, आणि बाजूला बघते तर आई उठून उभ्या, आणि मैदानाकडे चक्क पाठ! समोर मागच्या पायरीवरच्या आजोबांचे गुडघे. आईंचे डोळे मिटलेले, थर्मास छातीशी घट्ट.

धप्प असा आवाज झाला. लोक ओरडले. आईंनी डोळे उघडले, वळल्या, बसल्या.

“गेला ना? उजवीकडून जरासा, हो ना? आवाजावरून कळतं मला.”

“आई, तुम्ही बघितलंच नाहीत!”

“हळू बोल गं.”

“अहो पण का?”

“मी बघितलं की हुकतं,” आई म्हणाल्या. जशा काही ट्रेनची वेळ सांगत होत्या.

गाडीत मी पिच्छा सोडला नाही. तेव्हा निघालं ते असं. साल सत्त्याऐंशी. इथे नुकती ओळख झालेली पाच-सहा मराठी घरं, कुणीतरी भारतातून क्रिकेटच्या मॅचची व्हिडिओ कॅसेट मागवलेली. निकाल कुणाला सांगायचा नाही अशी शपथ घालून सगळे बाबांच्या हॉलमध्ये बसले होते. आई चहा घेऊन गेल्या, विकेट पडली. भजी घेऊन गेल्या, दुसरी पडली. रिकामे कप उचलायला गेल्या, तिसरी. बाबा म्हणाले, “शुभदा, तू आतच थांब गं.”

“कॅसेटवर?” मी किंचाळले. “मॅच महिन्यापूर्वी होऊन गेलेली, आणि तुमच्यामुळे विकेट पडली?”

“आता वाटतं हसू. तेव्हा कुणी हसलं नाही.”

त्या दिवसापासून आई आतच. प्रत्येक मोठ्या मॅचला. दोन हजार अकराच्या फायनलला तर आई तळघरात, केलरमध्ये, वॉशिंग मशीनवर बसून होत्या. बाबांनी वरून फोन केला, झालं, ये आता वर. वर सगळे मिठ्या मारत होते, नाचत होते.

“आणि खरं सांगू का केया,” आई म्हणाल्या, “मला अभिमान वाटला. म्हटलं, खाली बसून का होईना, माझा वाटा आहे यात.”

मला असा राग आला! गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि दोन मिनिटं नुसतं ओरडावं असं वाटलं. कुणावर ते कळेना. बाबांवर, त्या मित्रांवर, की त्या आनंदाने सांगत होत्या म्हणून त्यांच्यावरच. मी एवढंच विचारलं, “मग टिलचा हुकतो तेव्हा? तेव्हा तर तुमची पाठ असते.”

आई म्हणाल्या, “तेव्हा माझ्या मनात बघायचा विचार आलेला असतो.”

म्हणजे पाच वर्षं या बाईंनी ज्याच्यावर जीव टाकला, त्याची किक एकदाही बघितली नव्हती. पहिल्या मॅचला थर्मासचं झाकण लावत होत्या, तेवढ्यात मागे आरडाओरडा झाला, तो आत गेलेला. दुसऱ्या वेळी छाती इतकी धडधडायला लागली की सवयीने पाठ फिरवली. तोही आत. मग ठरूनच गेलं. व्हिडिओ बघा म्हटलं तर म्हणे, नको, त्यालाही नजर लागते.

“डॉक्टरांनी एवढे नवे डोळे दिलेत,” मी म्हटलं, “ते काय मागच्या आजोबांचे गुडघे बघायला?”

त्यावर त्या हसल्या.

जुलैत शेवटची मॅच होती. टिलची मास्टर्स संपली होती, इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि खेळणं बंद. ही त्याची शेवटची मॅच. शिवाय जिंकलो तर टीम वरच्या लीगमध्ये. आदल्या आठवड्यात आई फोनवर नेहमीसारख्या भाजीबिजीचं बोलत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “केया, एकदा बघू का गं? फक्त एकदा?”

“बघाच!”

“आणि हुकला तर? शेवटचा दिवस त्याचा. पाच वर्षं सांभाळलं, आणि शेवटी मीच...”

“आई, तुमच्या बघण्याने काही होत नाही.”

“तुला काय माहीत,” त्या म्हणाल्या. खरंच, मला काय माहीत?

आता माझ्या भोचकपणाने केलेला घोळ. मॅचच्या आधी तासभर टिल सॉसेजच्या दुकानामागे एकटाच उभा राहून बूट बांधत होता. मी गेले आणि थेट विचारलं, आमच्या सासूबाई तुम्ही किक मारताना पाठ करून उभ्या राहतात, तुमच्या कधी लक्षात आलंय का?

“गेनाऊ, बरोबर, निळा कोट,” तो लगेच म्हणाला. “दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. आधी वाटलं, अजून रागावल्यात माझ्यावर. मग वाटलं, प्रार्थना करत असतील. का करतात?”

“ते त्यांचं त्यांना विचारा. तुम्हाला त्रास होतो का?”

त्याने नाडीची गाठ मारली. “उलट. मी आत जातो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत असतात. कोच, टीम, आईवडील, ते समोरचे. तेवढ्यांमध्ये एक माणूस बघत नसतं. मी आधी त्यांची पाठ शोधतो. ती दिसली की बरं वाटतं.”

घ्या! आता काय करायचं? आईंना सांगितलं असतं तर त्या जन्मात वळल्या नसत्या. नाही सांगितलं, आणि त्या वळल्या, आणि त्याचं लक्ष गेलं तर? मी तोंड शिवून बसले. माझ्यासाठी ही काय शिक्षा आहे, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

त्या दिवशी बाबा आले होते. शेवटची मॅच, नंतर टिलचा छोटासा निरोप, म्हणून सिद्धांतने त्यांना आणून सोडलं आणि तो पार्किंग शोधायला म्हणून जो गेला तो दुसऱ्या हाफला उगवला. पहिली वीस मिनिटं बाबा नाक मुरडत होते. मग विचारायला लागले, आता किती हवेत? मग म्हणाले, हा पंच आंधळा आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत हा माणूस पायरीवर उभा राहून मराठीत ओरडत होता, “अरे पकड त्याला, पकड!” बगळे एकदम ‘आपले’ झाले होते.

आणि मग नको तीच वेळ आली. चार सेकंद उरलेले, आपण दोन पॉइंटांनी मागे, बॉल खांबांपासून चांगलाच लांब. टिल उठला.

आई उभ्या राहिल्या. वळल्या. पाठ मैदानाला, थर्मास छातीशी, डोळे मिटलेले. ठरल्यासारखं. मी टिलकडे बघत होते. तीन पावलं मागे. दोन डावीकडे. बूट मोज्यावर. त्याने पायऱ्यांवरून नजर फिरवली, ती निळ्या कोटावर क्षणभर थांबली. मग मान खाली गेली.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “शुभदा, बघू नकोस हं! अजिबात वळू नकोस!”

आईंनी डोळे उघडले. मी त्यांच्या शेजारी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. भीती नव्हती त्यावर. काउंटरवर कुणी अर्ज पुढे सरकवून ‘एवढ्यावर सही करा’ म्हटल्यावर जी व्हायची म्हणतात ना, ती मुद्रा होती. मग त्या वळल्या. हळू नाही, घाईनेही नाही. पूर्ण वळल्या आणि बघितलं.

टिल धावला. धप्प. बॉल वर गेला, सरळ, अगदी सरळ, आणि वाऱ्याने की कशाने उजवीकडे कलत कलत खांबाला लागून आतल्या बाजूऐवजी इकडेच, मैदानात पडला.

पलीकडच्या टीमचे लोक ओरडत होते तेवढंच.

आईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. “केया,” त्या म्हणाल्या. “अगं, तो पण बघत नाही!”

“काय?”

“मारल्यावर त्याने मान वर केलीच नाही. तो गवताकडे बघत होता. लोक काय ओरडतात ते ऐकत होता. माझ्यासारखंच गं! मला वाटत होतं, मी एकटीच...” आणि त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसत होत्या.

मी बघितलं. खरंच, टिल अजून तसाच उभा होता, मान खाली. मग आमच्या बाजूची शांतता त्याला कळली आणि त्याने डोळे वर केले. थेट आमच्या पायरीकडे. त्याला पाठ दिसली नाही.

“बघितलंस ना!” बाबा वैतागून म्हणाले. “सांगत होतो मी. सांगत होतो!”

“हो,” आई म्हणाल्या. “बघितलं.”

टिल हेल्मेट काढून आमच्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. लोक बाजूला झाले. आई खाली उतरून कठड्यापाशी गेल्या. मी मागोमाग, अर्थात. बाबाही आले.

“फ्राउ पाटणकर, आज तुम्ही बघितलंत.”

“बघितलं. मला माफ करा. मी बघितलं की हुकतं. छत्तीस-सदतीस वर्षं हे असंच आहे. मला माहीत होतं, तरी मी वळले. तुमची शेवटची...”

टिल गोंधळून ऐकत होता. मग त्याने मान हलवली. “नाही. माझा डावा पाय उशिरा पडला. पडला तेव्हाच मला कळलं, बॉलला लागायच्या आधी.”

“पण मी जर...”

“फ्राउ पाटणकर,” तो म्हणाला, जरा रागानेच, “मी पाच वर्षं हे करतोय. जे आत गेले ते माझे होते. हाही माझा आहे. तो तुम्ही नका घेऊ.”

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. बाबांना जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं. ते खाली वाकून बुटाची न सुटलेली नाडी बांधायला लागले.

मग आईंनी, पदर नव्हता म्हणून, कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि विचारलं, “तुम्हाला आता घाई आहे का?”

“नाही.”

“मग परत मारून दाखवा. मला नीट बघायचंय. आणि तुम्हीही बघा. पाच वर्षांत दोघांनीही बघितलं नाही, हे काय बरोबर आहे?”

निरोपाचा केक तसाच राहिला. हळूहळू माणसं गेली, समोरची टीम बसमध्ये बसली. टिलने जाळीच्या पिशवीतून सहा बॉल आणले. आई मैदानात उतरल्या, त्याच्यापासून चार हातांवर, आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. पहिला आत गेला. दुसरा आत. तिसरा बाहेर, आणि आईंनी त्याच्याकडे बघून खांदे उडवले, टिलनेही उडवले. पुढचे आत. आता तो मारल्यावर मान वर करत होता, दोघांच्या माना एकदमच वर जात होत्या.

पाच बॉल खांबांपलीकडच्या गवतात पडले, एकच उरला. टिल ते आणायला निघाला, तेव्हा आईंनी त्याला हाताने थांबवलं.

“तुम्ही दमलात. उभे राहा.” मग वळून, कठड्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना हाक मारली, “अहो! जरा तिकडे पलीकडे थांबता का? बॉल आणून द्यायला कुणीतरी हवं.”

चौऱ्याहत्तर वर्षांचे गुरुदत्त पाटणकर पँटचे पाय वर दुमडून अख्खं मैदान पार करून गेले आणि पिवळ्या खांबांच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहून खेळ बघायचा नसतो, नुसते पडलेले बॉल उचलायचे. आईंनी ते नीट पोहोचलेत की नाही ते बघितलं, आणि मग टिलला म्हणाल्या, “हं. मारा.”